लेखकाच्या दारी

ज्या लेखकाच्या पुस्तकाने मुलाची झोप उडवली, त्या लेखकाचे प्रत्यक्ष दर्शन त्याला घडवावे, ही पालकांची इच्छा स्तुत्य खरी. परंतु भेट ठरली की आपण त्या बालकाला नमस्काराची, प्रश्नांची, एवढेच नव्हे तर स्मितहास्याचीही तालीम देऊ लागतो, आणि ते बिचारे पोर दरबारातील हुजऱ्यासारखे ताठ उभे राहते.

सुरतेतील मराठी कुटुंबांना, ज्यांतील कित्येकांचे मूळ खानदेशात आहे, याहून निवांत भेटीची सोय गोपीपुऱ्यात आहे : कवी नर्मद यांचे ‘सरस्वती मंदिर’ हे निवासस्थान. यजमान १८८६ मध्येच निवर्तल्यामुळे तेथे कोणाची मनधरणी करावी लागत नाही. याच गृहस्थांनी १८५८ मध्ये शिक्षकाच्या नोकरीचा राजीनामा देऊन केवळ लेखणीवर निर्वाह करण्याची प्रतिज्ञा केली, १८६४ मध्ये ‘दांडियो’ हे नियतकालिक काढून रूढींवर कोरडे ओढले, आणि वर्षानुवर्षे खपून १८७३ मध्ये ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश सिद्ध केला. शिवाय आपल्या मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग हेही याच शहरात अध्यापक होते, आणि दुर्गाराम मेहता यांच्यासमवेत १८४४ मध्ये त्यांनी येथे मानवधर्मसभा चालवली, तेव्हा नर्मद अवघे बालक होते. हेही जाता जाता सांगावे.

मुले बहुधा विचारतात, लिहून पैसे मिळायचे का? कर्ज झाले आणि १८८२ मध्ये पुन्हा नोकरी पत्करावी लागली, हे उत्तर गाळण्याचा मोह पालकांना होतो. तो टाळावा, मधल्या चोवीस वर्षांचा हिशेब मूल आपल्या परीने करील.