दार कोणासाठीं उघडलें?

मंडळींतील एखादें मूल वरच्या परीक्षेस बसूं लागलें म्हणजे आम्ही पाळक त्यास सांगतों, "झटून अभ्यास कर, देव तुला वर नेईल." हा उपदेश खोटा नव्हे, पण तो पुरा आहे काय? कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचें चरित्र पाहतां आम्हांस ही शंका येते.

ह्या बाईंचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. वडील पारशी धर्मांतून ख्रिस्ताकडे आलेले पाळक. आई पुण्यांत शाळा चालवीत. मुंबई विद्यापीठाची पदवी घेणारी ही पहिली स्त्री. डेक्कन कॉलेजांतून त्या परीक्षेंत इतक्या वर आल्या कीं, विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांसच मिळावयाची. परंतु स्त्री म्हणून ती नाकारली गेली. तेव्हां विलायतेंतील स्नेह्यांनीं पैसा जमविला आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डास गेल्या. (आमच्या खेड्यांतील लेकरांस असे स्नेही कोठून मिळावे, हेंही ध्यानांत असूं द्यावें.)

१८९२ सालीं त्यांस पुरुषांबरोबर बी. सी. एल. ह्या कायद्याच्या परीक्षेस बसतां यावें, म्हणून विद्यापीठास खास ठराव करावा लागला. बाई उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र १९२२ सालीं हातीं आली. तीस वर्षें! तितक्या काळांत त्यांची योग्यता वाढली म्हणून नव्हे, तर १९२० सालीं विद्यापीठानें स्त्रियांस पदव्या देण्याचा नियम केला म्हणून. हिंदुस्थानांतही स्त्रियांस वकिलीची मनाई सर्वत्र उठली ती १९२३ च्या कायद्यानें.

मधल्या काळांत बाई स्वस्थ बसल्या नाहींत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे राहून, परपुरुषासमोर तोंड उघडूं न शकणाऱ्या पडदानशीन विधवांच्या मालमत्तेचे हक्क त्यांनीं राखिले; सुमारें ६०० स्त्रिया व पोरकीं मुलें ह्यांस त्यांचें साह्य झालें. यावरून कोणी म्हणेल कीं, अडथळा होता तें बरेंच झालें. आम्हांस हें पटत नाहीं. योसेफाच्या दास्यांतून देवानें पुष्कळांचे प्राण वांचविले, तरी त्यास विकणाऱ्या भावांचा अपराध अपराधच राहिला.

हीच गोष्ट आम्ही एकदां एका खेड्यांत सांगत होतों. तेव्हां मागें बसलेल्या एका आईनें विचारिलें, "पाळकसाहेब, ती बाई फार हुशार होती म्हणून तिच्यासाठीं ठराव झाला. माझी मुलगी बेताची आहे. तिच्यासाठीं कोण ठराव करील?" आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं.