परवानगी आणि हक्क

बंगळुरूच्या विधान सौधच्या दर्शनी भागावर ‘सरकारचे काम हे देवाचे काम’ या अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. सभागृहाचे कर्तव्य मात्र नेमके उलट: सरकारच्या कामाची झडती घेणे. देवाच्या कामावर कोणी उपप्रश्न विचारीत नाही.

ही वास्तू १९५६ साली पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी भाषक तिच्या कक्षेत आले. त्यांचा प्रतिनिधी मंत्र्यास जाब विचारू लागला, की भाषेचा पेच आधी उभा राहतो. घटनेच्या २१०व्या अनुच्छेदानुसार कामकाज राजभाषा, हिंदी वा इंग्रजीतून चालते. या भाषांत ज्यास आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्यास अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. म्हणजे आधी स्वतःची असमर्थता कबूल करावयाची, मग अनुज्ञेची वाट पाहावयाची. सदस्याला कन्नड येत असेल तर अडचण कोणती, असे विचारता येईल. पण आपल्या वतीने काय विचारले गेले, हे खानापूरच्या मतदाराला कळावयास नको काय? विलक्षण गोष्ट अशी, की ३५०व्या अनुच्छेदाने त्या मतदारास संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. त्याच्या प्रतिनिधीच्या वाट्याला परवानगीच येते.

भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची पाहणी करणाऱ्या विशेष अधिकाऱ्याचा अहवाल संसदेपुढे ठेवला जातो आणि संबंधित राज्यांच्या सरकारांकडे धाडला जातो. त्या तरतुदीत विधानसभेचा उल्लेख नाही. ज्याची झडती घ्यावयाची, अहवाल त्याच्याच दप्तरी पोहोचतो. तो सभागृहात आणावयाचा, तर एखाद्या सदस्याने उठून मागावा लागतो.