सेवा करण्याआधी बघावं

।। जय गुरुदेव ।।

आज एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवते. ज्याची सेवा करायची त्याच्याकडे नीट बघितलंच नाही, तर ती सेवा होते का? हा प्रश्न मला वाचनातून पडला नाही. बेळगावात आमच्या घरामागच्या परड्यात एक आंबा आहे, त्याच्यामुळे पडला.

झाड सासऱ्यांनी लावलेलं. चार वर्षांपूर्वी गुरुवारच्या आरतीला माणसं वाढली. पावसाळ्यात चिखल व्हायचा, बसायची अडचण. म्हणून मंडळींनी वर्गणी काढली आणि परड्यात काँक्रीट घालून वर फरशी बसवली. बुंध्याभोवती वीतभर माती तेवढी उघडी राहिली. रोज पहाटे मी फरशी झाडून पुसून घ्यायची आणि पूजेचं पाणी बुंध्याशी घालायची. हे सगळं सेवा म्हणूनच चाललं होतं.

गेल्या दिवाळीनंतर एका बाजूच्या फांदीची पानं पिवळी पडून गळायला लागली. जाऊबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली." मुलगा म्हणाला, "खत कमी पडलंय." शेजारचे काका म्हणाले, "म्हातारं झालंय, तोडून टाका, नाहीतर घरावर पडेल." मी आपलं पाणी वाढवलं. उपाय सगळ्यांकडे होता, पण झाडाला हात लावून कुणीच बघितलं नव्हतं.

एका गुरुवारी रोपवाटिका चालवणारे एक गुरुबंधू आरतीला आले, त्यांना झाड दाखवलं. ते आधी काहीच बोलले नाहीत. वाळक्या फांदीची साल नखानं खरवडली, आत तपकिरी, म्हणजे मेलेली. बुंध्याकडे येत येत पुन्हा खरवडली, तिथं हिरवी, म्हणजे जीव आहे. मग खोडाभोवती फिरले, ठोकून आवाज ऐकला. सालीत एक भोक दिसलं आणि खाली फरशीवर चिमूटभर भुसा. त्यांनी विचारलं, "वहिनी, हा भुसा रोज पडत असेल ना?"

पडत होता. मी रोज पहाटे तो झाडून टाकत होते.

तो भिरुडाचा भुसा होता. पावसाळा सुरू झाला की भुंगे बाहेर पडतात, सालीच्या भेगांत अंडी घालतात. अळी साल पोखरते, मग लाकडात शिरते आणि आतून खात राहते. बाहेर दिसतो तो एवढा भुसा. झाडाला जे सांगायचं होतं ते त्यानं रोज माझ्यासमोर टाकलं होतं आणि मी ते केर म्हणून सुपलीत भरत होते. अंगण स्वच्छ ठेवल्याचं समाधान मला, दुखणं झाडाला.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त जड गेली. अशक्त झाडाला अशी कीड लवकर गाठते. आंब्याची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली दूरवर, वरच्या मातीत पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. आम्ही नेमकी तीच जागा झाकली होती, आणि जिथं ओल साचून साल कुजायची भीती, तिथं पाणी घालत होतो. फरशी भक्तीनं घातली हे खरं. पण भक्तीनं घातली म्हणून मुळांना हवा मिळत नाही.

फरशी काढायची म्हटल्यावर वर्गणी दिलेल्या काहींना वाईट वाटलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, आपण महाराजांसमोर बसतो तेव्हा ते आधी आपलं ऐकून घेतात. सगळ्यांना एकच साधन देत नाहीत. ज्याचं जे दुखणं, त्याला ते औषध. मग आपण झाडाला, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, न विचारता आपल्या मनातलं औषध का देतो? घरात सासूबाईंना रोज आग्रहानं वाढताना त्यांना गिळायला त्रास होतो हे माझ्या किती उशिरा लक्षात आलं, तेही त्या दिवशी आठवलं.

अळी तारेच्या आकड्यानं ओढून काढताना नात म्हणाली, "आजी, तिचाही जीवच ना?" हो, जीवच. ती तिच्या धर्मानं वागत होती, चुकलो आम्ही. पण झाड आम्ही लावलं, अशक्तही आम्हीच केलं, म्हणून त्याला वाचवायची जबाबदारी आमची. वेळेवर बघितलं असतं तर दुखणं एवढं वाढलं नसतं. न बघण्याची किंमत बहुतेक वेळा दुसराच कुणी देतो, हे मला नातीला सांगावं लागलं.

भोकात रॉकेलचा बोळा घालून वर चिखल लिंपला. वाळकी फांदी कापली, जखमेवर बोर्डो पेस्ट लावली (1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही). घेराखालची फरशी काढली. तिथं आता पालापाचोळा पसरतो आणि पाणीही तिथंच घालतो. आरतीला सतरंजी टाकून बसतो, पावसात घरात दाटीवाटीनं. उरलेल्या बाजूला तांबूस पालवी आली आहे. झाड पूर्ण सुधारेल का, ते अजून सांगता येत नाही. झाडणं मात्र चालूच आहे, आता आधी वाकून बघते.

या गुरुवारी प्रत्येकानं एवढं करावं ही विनंती. परड्यातलं झाड असो की घरातलं माणूस, ज्याची सेवा रोज करता त्याच्याजवळ काही न करता पाच मिनिटं बसा. नुसतं बघा. काय दिसलं ते आपापल्या घरच्या ग्रुपवर जरूर लिहा.

।। जय गुरुदेव ।।
एक गुरुभगिनी, बेळगाव