विधवेच्या सोबतीस कोण जाईल?

लूककृत शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाकडे वारंवार जाते. परंतु तिच्यासोबत कोणी गेल्याचे तेथे लिहिलेले नाही. आमच्या खेड्यांतही असेच दिसते. नवरा वारला की दीर हक्कसोडपत्र पुढे करितो, ती बिचारी न वाचता अंगठा देते, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव लागतच नाही.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, बालके व कोठडीतील माणसे यांस, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. पण हे त्या बाईस सांगावे कोणी? 2009 च्या योजनेने जे विधी स्वयंसेवक नेमले जातात, त्यांत कायद्याचे विद्यार्थीही घेतात. ते वकिली करू शकत नाहीत. कागद वाचून दाखवितात, अर्ज लिहून देतात, कचेरीपर्यंत सोबत करितात. विधवेस उणे होते ते एवढेच.

काही आईबाप म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खरी, पण जिला ओढून तेथे नेले, तिने काय करावे? तुमचा मुलगा किंवा मुलगी कायदा शिकत असेल, तर येत्या सुटीत त्यांस एक दिवस मंडळीत बसवा. आणि ज्या घरी असा कागद आला असेल, त्या घरच्यांस उपदेशकांनी, धर्म न विचारता, तेथे बोलवावे.