यदृच्छा, भार आणि उत्तरदायित्व

मराठी समीक्षेत 'यादृच्छिक' हे विशेषण मुख्यतः सोस्यूरच्या चिन्हविचारामुळे रूढ झाले. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध निसर्गदत्त नसून संकेताने ठरलेला असतो, हा तेथील अर्थ. संख्याशास्त्रात तोच शब्द 'पुढे काय निघेल हे आधी सांगता न येणारे' या अर्थाने येतो. यंत्राने केलेल्या निवडीला उत्तरदायी कोण, या प्रश्नात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

समजा, एखाद्या आज्ञावलीपुढे तीन पर्याय आहेत आणि त्यांचे भार अनुक्रमे ७०, २० व १० आहेत. यंत्र ० ते ९९ यांमधून एक संख्या काढते. ती ७०पेक्षा लहान असल्यास पहिला पर्याय, ७० ते ८९ असल्यास दुसरा, त्यापुढे तिसरा. संख्या कोणाचीही बाजू घेत नाही. पक्षपात असलाच, तर तो भारांच्या वाटणीत असतो.

१९५२ साली ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. त्यांतील शब्द यदृच्छेने निवडलेले असले, तरी शब्दांच्या याद्या आणि वाक्यांचे साचे स्ट्रेची यांचेच होते. भारांचा विचार त्याहून जुना आहे. १९१३ मध्ये मार्कोव यांनी पुश्किनच्या 'येव्गेनी अन्येगिन'मधील २०,००० अक्षरे मोजून स्वर-व्यंजनांच्या क्रमाची संभाव्यता काढली. १९४८ मध्ये शॅनन यांनी उलट दिशेने जाऊन वारंवारतेनुसार अक्षरे व शब्द निवडले आणि इंग्रजीचा भास देणारा मजकूर रचला. आजची भाषा-प्रारूपेही पुढचा शब्द बहुधा अशाच भारित निवडीने ठरवतात.

अशा यंत्राने एखाद्या समाजगटाविषयी हीन वाक्य लिहिले, तर 'तो योगायोग' असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. ते वाक्य याच क्षणी आले, हा योगायोग. ते येऊ शकत होते आणि किती वेळा येईल, हा नव्हे. यावर कोणी म्हणेल की, भारही कोणी ठरवलेले नाहीत. ते समाजाच्या भाषिक सवयींतून मोजलेले आहेत. परंतु मोजणी हे वर्णन असते. त्याच आकड्यांनी पुढची निवड करवली की वर्णनाचा नियम होतो. हे पाऊल यंत्र उचलत नाही, माणूस उचलतो, आणि उत्तरदायित्व तेथेच जन्मते.

बार्त यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या लेखकाच्या मृत्यूचा आधार येथे घेणे सोयीचे, पण अपुरे आहे. लेखक नसलेल्या संहितेलाही भार देणारे हात असतात. समीक्षेने निघालेल्या शब्दाइतकाच त्या वाटणीचाही जाब विचारला पाहिजे.