पाचवा ट्रॅक

'सैराट'च्या अल्बममध्ये चार गाणी आहेत. सगळी मिळून जेमतेम वीस-एकवीस मिनिटं. चिखलीहून एसटीत बसलात, कानात इअरफोन घातले, तर बुलढाणा यायच्या आत अल्बम संपतो आणि उरलेल्या रस्त्याला दुसरं काहीतरी लावावं लागतं.

नवा अल्बम आला की एकेक गाणं घेऊन त्याला तारे देतात. पहिल्याला चार, दुसऱ्याला साडेतीन, तिसरं 'ग्रोअर', म्हणजे ऐकत गेल्यावर चढणारं. जुन्या अल्बमचं असं कुणी करत नाही. मला वाटतं, करायचंच तर जुन्याचं करावं. नवं गाणं कसं वाजतं एवढंच आपल्याला कळतं. जुन्या गाण्याचं आपण पुढे काय केलं, हेही कळलेलं असतं.

अजय-अतुल हा खरं तर बँड नाही. दोन भाऊ, संगीतकार जोडी. पण बँडविषयी पोरांना जे वाटतं ते सगळं आम्हाला त्यांच्याविषयी वाटायचं. त्यांचं नवं गाणं आलं की ते आधी कुणाच्या मोबाईलवर येतं याची चढाओढ, मग ब्लूटूथने वाटावाटी, मग हे 'नटरंग'पेक्षा भारी की नाही यावर पानटपरीवर वाद. 'जोगवा'च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे आम्ही पुराव्यासारखं सांगायचो. 'सैराट' आला 29 एप्रिल 2016 ला. तेव्हा तर वादच राहिला नाही.

एक : याड लागलं

अजयचा आवाज, आणि त्याच्या मागे व्हायोलिनचा तो प्रचंड तांडा. या अल्बमचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. करमाळा तालुक्यातला पोरगा उन्हातान्हात धावत सुटतो आणि विहिरीत उडी घेतो, त्याच्यासाठी तिकडचे वादक बो चालवतायत. काहींना तेव्हा हे उधळपट्टीचं वाटलं होतं. मला ती या अल्बमची सगळ्यात न्याय्य गोष्ट वाटते. हिंदी सिनेमात असा वाद्यवृंद कुणासाठी वाजायचा? स्वित्झर्लंडच्या बर्फात हात पसरणाऱ्यासाठी. पारधी घरातल्या, मासे धरणाऱ्याच्या पोराच्या मनातही तेवढंच मोठं काहीतरी घडतं, हे शब्दांत न सांगता या गाण्याने ऐकवलं.

आमच्याकडे 'याड' म्हणत नाहीत, 'येड' म्हणतात. सोलापूरकडची ती बोली आमची नव्हती. तरी पहिल्यांदा ऐकताना वाटलं, आपल्याच कुणीतरी आपल्याविषयी काहीतरी मोठ्याने म्हटलंय.

दोन : आताच बया का बावरलं

हे गाणं सुंदर आहे आणि ते मला कमी आवडतं. श्रेया घोषाल वाईट गाऊच शकत नाही, पण अडचण तिथेच आहे. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर घेऊन फिरणारी, चारचौघांत पोरांना गप्प करणारी आर्ची बोलते जाड, खणखणीत आवाजात. तिचं मन गायला लागलं की मात्र आवाज एकदम रेशमी होतो. म्हणजे मुलगी कितीही दांडगी असली तरी प्रेमात पडली की तिने असंच मऊ व्हायचं? सिनेमा असं म्हणत नाही. गाणं थोडंसं म्हणतं. चाहता म्हणून हे लिहायला जड जातं, पण आवडत्या माणसाला सगळ्यात सूट देणं हा त्याचा मान नव्हे.

तीन : सैराट झालं जी

चिन्मयी आणि अजय. सगळ्यात लांब आणि सगळ्यात सैल गाणं. शिवारात दोघं भेटतायत आणि जगाला अजून पत्ता नाही, तेवढ्या काळाचं. याविषयी फार बोलण्यासारखं नाही, ऐकण्यासारखं आहे. शब्दावर मात्र क्षणभर थांबू. सैराट म्हणजे मोकाट, दावं तोडून सुटलेलं. या शब्दाचं पुढे काय झालं, ते नंतर बोलू.

चार : झिंगाट

इथे वाद्यवृंदाचा थाट बाजूला पडतो आणि सगळा भार तालावर येतो. वरातीत, गणपतीत, गॅदरिंगला जो ताल अंगात शिरतो तो हाच. दोघे भाऊ गातात, गातात म्हणण्यापेक्षा आरोळ्या देतात. कुणाला नाचता येतं, कुणाला येत नाही, हा प्रश्नच या गाण्याने काढून टाकला. 2018 मध्ये 'धडक'ने ते हिंदीत नेलं आणि राजस्थानात नाचवलं. तेही चाललं.

आता हे गाणं सिनेमात कुठे येतं ते आठवा. आर्चीच्या भावाचा, प्रिन्सचा वाढदिवस आहे. पाटलांच्या घरापुढे गावातली पोरं नाचतायत. परशा खाली गर्दीत, आर्ची वर. गाव एकत्र नाचतंय असं वाटतं, पण कोण कुणाच्या अंगणात आणि कुणाच्या खुशीसाठी नाचतंय हे कॅमेरा विसरू देत नाही. त्याच रात्री दोघं पकडले जातात. म्हणजे 'झिंगाट' हे या गोष्टीतलं सुखाचं शेवटचं गाणं आहे. त्याच्यानंतर मार आहे, पळणं आहे, हैदराबादची झोपडपट्टी आहे. त्याच्यानंतर गाणं नाही.

चारही गाणी पहिल्या भागातच संपतात. दुसऱ्या भागात हे दोघं भाडं भरतात, भांडतात, संसार मांडतात, त्यांना मूल होतं. शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आणि मग आवाजच जातो. ते लहान मूल रक्ताच्या पावलांनी बाहेर येतं तेव्हा ना संगीत असतं, ना त्याचं रडणं ऐकू येतं. लॉस एंजेलिसच्या वादकांना घेऊन एवढा मोठा आवाज उभा करणाऱ्या सिनेमाने शेवटी काहीच न वाजवणं, हाही संगीताविषयीचाच निर्णय आहे. मी त्याला पाचवा ट्रॅक मानतो. तो कुठल्याच ॲपवर नाही.

मला पडलेला प्रश्न असा. चार गाणी आपण घेतली, पाचवा ट्रॅक तिथेच ठेवला. यात काही चुकलं का?

मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, कुठल्याही वरातीत जाऊन बघा. बायोडाटावर जात आणि पोटजात पाहून ठरलेलं लग्न. दोन्हीकडच्या सोयऱ्यांनी शंभर चौकशा केलेल्या. आणि नवरदेव घोड्यावरून उतरून नाचतो कशावर? जातीबाहेर प्रेम केलं म्हणून मारल्या गेलेल्या दोघांच्या गाण्यावर. पोरीला मोबाईल किती वेळ द्यायचा यावर घरात कडक बोलणारे काकाही दोन्ही हात वर करून नाचतात. शेवट सगळ्यांना माहीत आहे, सगळ्यांनी सिनेमा बघितलाय, बरेच जण रडलेतही.

यावरचं सरळ उत्तर असं, की गाणं हे गाणं असतं. एकदा बाहेर पडलं की ते नाचणाऱ्याचं. हे उत्तर मी हलकं समजत नाही. जात्यावरच्या ओव्या बायकांनी पहाटे दळताना, सासुरवासाचं ओझं वाहत गायल्या. आज त्या रीलवर पुरणपोळीच्या व्हिडिओमागे वाजतात. प्रत्येक गाण्याबरोबर त्याचं दुःख वाहून न्यायचं ठरवलं तर माणसाला गुणगुणताही येणार नाही. आणि हा दोष फक्त आपला नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' हे व्हिएतनामहून परतलेल्या, कुणालाच नको असलेल्या सैनिकाचं गाणं. अमेरिकेत ते झेंडे नाचवत गायलं गेलं. 1984 च्या निवडणुकीत रेगन यांनी न्यू जर्सीच्या सभेत स्प्रिंगस्टीनचं नाव आशेचा संदेश देणारा म्हणून घेतलं. कोरस जोरदार असला की कडव्याकडे लक्ष जात नाही.

पण तिकडे लोकांना अर्थ कळला नव्हता असं म्हणायला जागा आहे. आपल्याला ती सोय नाही.

टॉलस्टॉयने 'कला म्हणजे काय?' या पुस्तकात म्हटलंय, की एकाची भावना दुसऱ्याला लागण व्हावी तशी लागते ती कला, आणि माणसांना जोडते ती चांगली कला. साने गुरुजींनी हे पुस्तक मराठीत आणलं. त्याच गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून उपोषण केलं, हा मला योगायोग वाटत नाही. टॉलस्टॉयच्या मापाने 'झिंगाट'ला पाच तारे. तो ताल लागला की कोण कुठल्या आळीचा हे खरंच काही वेळ विसरतं. प्रश्न एवढाच, की ती लागण पावणेचार मिनिटांत उतरते.

आणि इथे मला स्वतःच्याच बोलण्याला आडवं जावं लागतं. 'झिंगाट' फक्त बायोडाटावाल्यांच्या वरातीत वाजत नाही. ते 14 एप्रिलच्या मिरवणुकीतही वाजतं, भीमगीतांच्या मध्ये. ज्या वस्तीची वरात गावातल्या मुख्य रस्त्याने न्यायची की बाहेरून, यावरून आजही कुठे ना कुठे तंटा होतो, त्या वस्तीतल्या पोराने भर चौकात त्यावर नाचणं हे विसरणं नाही. सिनेमात दुसऱ्याच्या अंगणात नाचावं लागलेलं गाणं त्याने आपल्या रस्त्यावर आणलं. तोच ताल, त्याच उड्या, पण अर्थ उलटा. म्हणून 'नाचू नका' असं म्हणणारा मी कोण?

मला खटकतं ते नाचणं नाही. खटकतो तो शब्दाचा झालेला तुकडा. वरातीत 'सैराट' म्हणजे धमाल. आणि वर्तमानपत्रात? भावाने बहिणीला मारलं, बापाने जावयाला संपवलं, की मथळा येतो : 'सैराट'ची पुनरावृत्ती. एकाच शब्दाचा अर्थ आपण रात्री आनंद करतो आणि सकाळी खून. दोन्ही अर्थ एकमेकांना भेटणार नाहीत याची काळजी घेतो. मोकाट सुटणं हा तिसरा, मूळचा अर्थ तर कुणाला आठवतही नाही.

सिनेमातून शिकून असं घडतं असंही काही जण म्हणतात. 28 एप्रिल 2014 ला, म्हणजे सिनेमा यायच्या आधी दोन वर्षं, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारलं गेलं. 2017 मध्ये त्यातले आरोपी निर्दोष सुटले. सिनेमाने शिकवावं असं काही शिल्लक नव्हतं.

'अल्बम ऐकला' असं आपण कधी म्हणू शकतो? मला वाटतं, सुख देणारा भाग घेताना तो कशातून कापून घेतला याची आठवण ठेवली तर. नाचताना नव्हे. नाचताना कसली आठवण. पण घरातली मुलगी एक दिवस एक नाव घेऊन समोर उभी राहते तेव्हा तरी. तिथे त्या काकांची परीक्षा असते, डीजेपुढे नसते.

माझ्या ओळखीत असं एक लग्न झालं. दोघंही आपल्याच जिल्ह्यातले, जाती वेगळ्या. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते आणि ती 30 दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावलेली असते. नाव, पत्ता, सगळं. कुणाला हरकत असेल तर त्याने घ्यावी म्हणून. आंतरजातीय लग्न केलं तर सरकार 50,000 रुपये प्रोत्साहन देतं, आणि तेच सरकार महिनाभर तुमची नावं फळ्यावर टांगतं. ती म्हणाली, त्या तीस दिवसांत आम्ही फोनवर बोलायचो नाही, गाणी ऐकायचो नाही, दारावर कुणी थाप मारली की दोघं आपापल्या घरात दचकायचो. हे ऐकताना मला तो पाचवा ट्रॅक आठवला, पण तिला तसं सांगितलं नाही. तिला रूपकाची गरज नव्हती.

सह्या झाल्या तेव्हा आम्ही पाच जण होतो. डीजे नव्हता, वरात नव्हती. कार्यालयाबाहेर रसवंतीवर उसाचा रस प्यायलो. एका मित्राने मोबाईल काढून 'झिंगाट' लावलं. तेवढ्याशा स्पीकरवर ते पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं वाटत होतं. तिने हात पुढे करून आवाज कमी केला, बंद केला नाही. मग नवऱ्याला म्हणाली, "चल, उशीर होईल, पुण्याची गाडी पाचची आहे."