विरक्ती आणि विषण्णता

संसाराचा कंटाळा आला म्हणजे विरक्ती आली, असा समज सामान्य जनांत रूढ आहे. कित्येकदा तो साधकांतही आढळतो. एखादा तरुण बोलेनासा होतो. त्याला अन्न गोड लागत नाही, अपरात्री झोप उडते, आवडीच्या कामात मन रमत नाही आणि 'आता काही नको' एवढेच शब्द तोंडी उरतात. घरची मंडळी म्हणतात, याला वैराग्य झाले, आश्रमात ठेवून घ्या. अशा वेळी अनुसरण देणाऱ्या अधिकारी पुरुषावर केवढे उत्तरदायित्व येते, याचा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

विरक्ताला विषय नकोसे होतात, ते त्याला त्यांहून श्रेष्ठ असे काही हवे असते म्हणून. त्याच्या नावडीच्या मुळाशी परमेश्वराची आवड असते. विषण्णाला मात्र नामस्मरणही नकोसे होते. अनुतापाचेही तसेच. खरा अनुताप विशिष्ट दोषाचा असतो आणि प्रायश्चित्ताने शमतो. विषण्ण मनुष्य दोष सापडत नसतानाही स्वतःस पापी समजतो, आणि कितीही प्रायश्चित्ते घेतली तरी ते ओझे उतरत नाही. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली व नित्याचे व्यवहार अडू लागले, तर वैद्यकशास्त्र तिला रोग म्हणते. तो दुर्बलतेचा किंवा आळसाचा प्रकार नव्हे. मंत्रचळाविषयीही हेच. हात धुऊन झाले की नाही, नाम मोजले ते बरोबर की नाही, या शंकेने तीच क्रिया पुनःपुन्हा करणारा मनुष्य निष्ठावान वाटतो. वस्तुतः तो आतून होरपळत असतो.

येथे कोणी म्हणेल, श्रीगोविंदप्रभूंनाही लोक वेडे म्हणत. खरे आहे. परंतु त्यांचे ते वर्तन ही स्वेच्छेने स्वीकारलेली लीला होती. रुग्णाने आपला रोग स्वीकारलेला नसतो. अवताराच्या लीलेचे माप जीवाच्या व्याधीस लावू नये. लोक ज्याला वेडा म्हणतात त्याची अवहेलना करू नये, एवढा बोध मात्र त्यातून अवश्य घ्यावा. दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. ज्वर हेही प्रारब्धच. त्यावर आपण औषध घेतोच ना?

तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील नाक्याचे गाव. येथून एक वाट वैभववाडीवरून करूळ घाटाने कोल्हापूरकडे जाते, दुसरी विजयदुर्गाकडे. कोकणच्या या भागात मन बिघडले की पुष्कळ घरांत आधी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे, मग कौल, मग बाधेवरील उतारे. उत्तरेस रत्नागिरी येथे १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. पण त्याचे नाव 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणून उच्चारले जाते, आणि त्या नावाच्या भयानेच पावले अडतात. हे केवळ कोकणचे नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक मनोविकाराने ग्रस्त आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांवर कोणतेही उपचार होत नव्हते.

आपल्या पंथाचा या विषयाशी संबंध दूरचा नाही. महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात मनोरुग्णांसह आश्रयास आलेल्या कुटुंबांचा अभ्यास विदा स्कुल्टन्स या विदुषीने १९८७ साली 'मॅन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रुग्णाबरोबर आलेल्या स्त्रियाच तेथे अवेशात जात, आणि घरच्याचे दुखणे आपण अंगावर घेतो अशी त्यांची भावना असे, हे तिने नोंदविले आहे. त्या मातांच्या त्यागापुढे कोणीही नम्र व्हावे. तथापि मुलाचा रोग आईने सोसल्याने तो बरा होतो काय, आणि त्या आईचे दुखणे कोण पाहतो, हे प्रश्न उरतातच. मंदिराने आसरा द्यावा, शांती द्यावी. औषध मात्र थांबवू नये. या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि वैद्याच्या सल्ल्याविना ती एकाएकी सोडणे अपायकारक असते, हे सेवेकऱ्यांनी ध्यानी ठेवावे. रुग्णास साखळीने बांधणे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्धच आहे. अहिंसाधर्मीयांस ते कायद्याने सांगावे लागू नये. मरणाची भाषा कानी आली, तर त्या मनुष्यास एकटे सोडू नये, तत्काळ वैद्याकडे न्यावे. १४४१६ या शासकीय दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो.

आता त्या तरुणाविषयी. त्यास परत धाडू नये, आणि लगेच अनुसरणही देऊ नये. वैद्याचे उपचार चालू ठेवून काही महिने त्याला आश्रमात नुसते राहू द्यावे. झोप येऊ लागली, अन्न गोड लागू लागले, की मग पुन्हा विचारावे, काय हवे आहे. तेव्हाही तो अनुसरणच मागेल, तर त्याची परीक्षा नेहमीच्या रीतीने करावी.